कुठला ऑनलाइन आरपीजी खेळायचा? आधी घड्याळ बघा, ट्रेलर नंतर

दिवाळीत भाच्याने विचारलं, मामा, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट घेऊ का फायनल फँटसी १४? मी म्हटलं तुमच्याकडे रात्री जेवायला किती वाजता बसतात? त्याला वाटलं मामा नेहमीसारखी टिंगल करतोय, पण मी सिरीयसली विचारत होतो. गेल्या बारा-तेरा वर्षांत मी जेवढे ऑनलाइन आरपीजी, म्हणजे आपलं एक पात्र बनवून इंटरनेटवर इतरांबरोबर खेळायचे गेम, सोडले त्यातला एकही ग्राफिक्स वाईट आहेत म्हणून सोडला नाही, सगळे वेळेपायी सुटले. कुठे ग्रुप जमायचाच रात्री साडेबाराला, कुठे एकदा बसलं की अर्धा तास हलता यायचं नाही, कुठे दोन महिने गेलो नाही तर परत आल्यावर आपला सगळा माल भंगारात.

त्यामुळे टॉप टेनवाले व्हिडिओ तूर्तास बंद करा, त्यात सगळेच गेम भारी दिसतात. एक आठवडा फक्त एवढं लिहून ठेवा की रोज रात्री तुम्हाला सलग किती वेळ मिळाला. सलग म्हणजे खरंच सलग, म्हणजे आई हाक मारणार नाही, बेल वाजणार नाही, ऑफिसचा कॉल येणार नाही. दोन तास बसलो होतो असं आपल्याला वाटतं, पण वहीत बघितलं की कळतं वीस-वीस मिनिटांचे सहा तुकडे होते. ज्याच्याकडे तुकडेच आहेत त्याने ग्रुपवर चालणारा गेम घेऊ नये, मग तो कितीही भारी असो.

हे मी शिकलो ते फायनल फँटसीत. मी हीलर होतो, म्हणजे जखमा भरणारा, चौघांनी मिळून साफ करायचं डन्जन, म्हणजे राक्षसांनी भरलेलं तळघर, एक टँक, म्हणजे पुढे उभा राहून मार झेलणारा, दोन मारणारे आणि मी, म्हणजे बाकी तिघांचा जीव माझ्या हातात. शेवटच्या बॉसला, म्हणजे सगळ्यात मोठ्या राक्षसाला, अर्धं संपवलं आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण राउटर मेला, कारण घरातल्या इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब एवढंच. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून परत शिरेपर्यंत तिघेही आडवे. टँकने नुसतं "नो प्रॉब्लेम" टाइप केलं आणि सगळे परत पहिल्यापासून चालू, एकाने शिवी दिली नाही, त्याचीच जास्त लाज वाटली. दुसऱ्या दिवशी राउटरसाठीचा तो छोटा यूपीएस आणला, हजार-दीड हजाराला मिळतो, बारा व्होल्टचा, फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही चालतील असा बघून घ्या. ग्रुपचा गेम खेळायचा असेल तर ग्राफिक्स कार्डाच्या आधी ही खरेदी.

आता घड्याळाची दुसरी बाजू, ती कुणी सांगत नाही. तुम्ही ज्या सर्व्हरवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या कंपनीच्या ज्या कॉम्प्युटरवर जाल तिथली माणसं त्यांच्या संध्याकाळी खेळतात. युरोपात रात्रीचे आठ म्हणजे जर्मनी-फ्रान्सच्या हिशोबाने आपल्याकडे थंडीत साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आठ वाजले की आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, थंडीत साडेसहा. सिंगापूरचे आठ म्हणजे आपले साडेपाच, जपानचे साडेचार. म्हणून नोकरदार माणसाला सिंगापूरचा सर्व्हर पिंगला, म्हणजे सिग्नल तिथे जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेला, छान असला तरी गर्दीच्या वेळी आपण अजून लोकलमध्ये लोंबकळत असतो, आणि युरोपवर पिंग जास्त पण आपण जेवून बसलो की तिथे नुकती संध्याकाळ सुरू झालेली असते. मी स्वतः म्हणूनच बहुतेक गेम युरोपवर खेळतो. न्यू जर्सीत असलेल्या माझ्या चुलत भावाला यातलं काहीच बघावं लागत नाही, त्याच्या संध्याकाळी त्याचा सर्व्हर भरलेला, त्यामुळे त्याचा सल्ला मी ऐकत नाही.

पिंगचं थोडक्यात. माझ्या कल्याणच्या घरून सिंगापूर सत्तर-ऐंशी मिलिसेकंद, युरोप दीडशेच्या आसपास, अमेरिका अडीचशेकडे. हे आकडे चांगले का वाईट हे गेमवर आहे. ओल्ड स्कूल रूनस्केपचा अख्खा गेम ०.६ सेकंदाच्या टिकवर चालतो, म्हणजे तुम्ही कितीही पटकन क्लिक करा, सर्व्हर ०.६ सेकंदांनीच हिशोब करणार, त्यामुळे अडीचशे पिंगवर पण साधं खेळणं निवांत होतं. फायनल फँटसीत मुख्य वार साधारण अडीच सेकंदांनी एक, तोही चालून जातो, पण एक गंमत आहे, जमिनीवर येणाऱ्या केशरी वर्तुळातून तुम्ही बाहेर पडलात असं तुमच्या स्क्रीनवर दिसतं आणि तरी फटका बसतो, कारण सर्व्हरच्या मते तुम्ही अजून आत होता. नवीन माणूस म्हणतो गेम बिघडलाय. बिघडलेला नाही, दीडशे पिंग आहे, अर्धा सेकंद आधी निघायची सवय लावायची. आणि जिथे पळून, उडी मारून, बरोबर क्षणाला वार चुकवायचा असतो, जसं ब्लॅक डेझर्ट, तिथे समोरासमोरच्या मारामारीत दोनशे पिंग म्हणजे मार खाणं.

वेळ आणि पिंग झालं की मग तुम्ही कुठल्या जातीचे खेळाडू ते बघा. रिचर्ड बार्टल नावाचा माणूस आहे, १९७८ मध्ये इंग्लंडात एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉने पहिला मड बनवला, म्हणजे नुसत्या अक्षरांवर चालणारा सगळ्यांनी मिळून खेळायचा गेम, आणि तो बार्टलने पुढे वाढवला. या बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार पत्त्यांच्या रंगांवर बसवले. चौकट म्हणजे कमावणारे, लेव्हल, सोनं, बक्षिसं. इस्पिक म्हणजे खोदणारे, इंग्रजीत इस्पिकला फावडं म्हणतात ना, तसे, नकाशाचा कोपरा न् कोपरा बघणारे. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे, गप्पा मारायला. किलवर म्हणजे दंडुकेवाले, दुसऱ्याला मारण्यातच ज्यांना मजा येते ते. कुणी एकाच रंगाचा नसतो, पण हातात कुठल्या रंगाची पानं जास्त आहेत ते स्वतःला माहीत पाहिजे. मी बदाम आणि थोडा इस्पिक. माझा भाचा पक्का किलवर, कॅरममध्ये पण स्वतःची सोंगटी घालवायची सोडून दुसऱ्याची अडवत बसतो.

बदामवाल्यांनी फायनल फँटसी १४ पासून सुरुवात करावी. याचा इतिहासच मजेशीर आहे, २०१० मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा इतका फसला की २०१२ मध्ये कंपनीने तो बंदच केला आणि नाओकी योशिदाच्या हाताखाली नव्याने बांधून २०१३ मध्ये परत आणला, आणि २०२१ च्या डिसेंबरात एवढी गर्दी झाली की त्यांना काही काळ विक्री थांबवावी लागली. स्वतःहून गेम विकायचं थांबवणारी कंपनी मी तरी दुसरी बघितली नाही. फ्री ट्रायल लेव्हल ७० पर्यंत आहे, पहिली दोन एक्सपान्शन, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडलेले मोठे भाग, धरून, आणि दिवसांची मर्यादा नाही, म्हणजे शे-दोनशे तासांची गोष्ट फुकट. बदल्यात काही गोष्टी बंद, बाजारात खरेदी-विक्री नाही, गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या मंडळात जाता येत नाही, स्वतः पार्टी बनवता येत नाही, तीन लाखांच्या वर गिल, म्हणजे गेममधले पैसे, साठवता येत नाहीत. आणि लक्षात ठेवा, एकदा पैसे भरून पूर्ण गेम घेतला की त्या अकाउंटवर परत ट्रायलला येता येत नाही, त्यामुळे सेल दिसला म्हणून घाईत घेऊ नका. अजून एक, बेस गेम स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात घेतला तर पुढची एक्सपान्शन पण स्टीमवरच घ्यावी लागतात, दोन दुकानांची सरमिसळ चालत नाही. त्रास काय, तर गोष्ट फार लांब आणि मधले कित्येक तास नुसते निरोप पोचवण्यात जातात, इकडून तिकडे जा, अमक्याला सांग, परत ये. ज्याला वाचायचा कंटाळा त्याने इथे येऊच नये. आपल्या फायद्याचं एक म्हणजे रोजचं बक्षीस रीसेट होतं ते आपल्या रात्री साडेआठला, त्यामुळे आठला बसलात तर आजचं पण घ्या आणि साडेआठनंतर उद्याचं पण घ्या, मग उद्या सुट्टी.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, लोक वॉव म्हणतात, २००४ च्या नोव्हेंबरात आला आणि २०१० मध्ये १ कोटी २० लाख सभासदांपर्यंत गेला होता. अजून पण मारामारी करताना हाताला जे वाटतं ना, बटण दाबलं आणि लगेच झालं, ते यांच्यासारखं फार कमी जणांना जमलंय. लेव्हल २० पर्यंत फुकट, पुढे अमेरिकन रीजनला महिन्याला १४.९९ डॉलर, त्यात जुनी सगळी एक्सपान्शन आणि क्लासिक, म्हणजे जुन्या काळचा वॉव, पण येतं, सगळ्यात नवीन एक्सपान्शन तेवढं वेगळं घ्यायचं. हा चौकटवाल्यांचा गेम. नवीन सीझन आला की नवीन सामान, जुनं कपाटात, परत चढायला सुरुवात. ज्यांना ती शिडी आवडते त्यांना स्वर्ग आहे. सगळ्यात अवघड मिथिक रेडला, रेड म्हणजे मोठ्या ग्रुपने मिळून करायची चढाई, बरोबर २० जण लागतात आणि २० जणांचं एका वेळी जमणं म्हणजे सोसायटीची मीटिंग, कोरम कधी होत नाही. पण २०२४ च्या द वॉर विदिन या एक्सपान्शनपासून डेल्व्ह, म्हणजे छोट्या मोहिमा आल्यात, एकट्याने किंवा पाच जणांपर्यंत, थोडक्यात आटपणाऱ्या, त्यातून पण बऱ्यापैकी सामान मिळतं. तुकड्या-तुकड्यात वेळ मिळणाऱ्याला आता वॉव पूर्वीपेक्षा बराच परवडतो, वेळेच्या दृष्टीने म्हणतोय, पैशाच्या नाही.

आता माझा लाडका, गिल्ड वॉर्स २. आधीच सांगतो म्हणजे पक्षपात करतोय असं नको वाटायला, करतोयच. २०१२ चा गेम, महिन्याची फी कधीच नव्हती, २०१५ पासून मूळ गेम फुकट. लेव्हल ८० ला थांबते ती थांबलीच, इतक्या वर्षांत वाढवलेली नाही, आणि सगळ्यात वरच्या दर्जाच्या सामानाचे आकडे पण वर्षानुवर्षं तिथेच. याचा अर्थ काय ते बघा. आमच्याकडे बाळ झालं तेव्हा मी सव्वा वर्ष हा गेम उघडला नाही, परत गेलो तेव्हा माझं चिलखत, तलवार सगळं जसंच्या तसं चालत होतं, मी त्याच रात्री बाकीच्यांबरोबर मोठ्या राक्षसावर गेलो. इथे अनोळखी माणूस शेजारी येऊन त्याच शत्रूला मारायला लागला तर तुमचा वाटा कमी होत नाही, दोघांना पूर्ण मिळतं, त्यामुळे कुणी दिसलं की आनंद होतो, दुसऱ्या गेममध्ये पोटात गोळा येतो. इस्पिकवाल्यांसाठी तर खजिना आहे, डोंगरावर कुठून चढायचं याची कोडी, उड्या मारत मारत वर, आणि पाथ ऑफ फायर या एक्सपान्शनपासून आलेली वाहनं, म्हणजे बसायची जनावरं, प्रत्येकाची चाल वेगळी, ग्रिफन हे पंखवालं जनावर घेऊन कड्यावरून झेप टाकली की नुसतं उडत राहावंसं वाटतं. वाईट काय, तर चीन सोडला तर आशियाला सर्व्हर नाही, आपल्याला युरोप नाहीतर अमेरिका, आणि फुकटच्या अकाउंटला चॅट-बाजारावर बंधनं आहेत. शिवाय ज्याला पुढे काय हे गेमने सांगितलेलं आवडतं तो इथे लेव्हल ८० ला पोचून हरवतो.

लोकलने दोन-दोन तास घालवणाऱ्यांसाठी ओल्ड स्कूल रूनस्केप. दिसायला २००७ सालचा, कारण तो तिथलाच आहे, २००७ च्या ऑगस्टमधली प्रत काढून २०१३ मध्ये परत सुरू केली. मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर तेच अकाउंट, डोंबिवलीला झाड तोडायला लावायचं, दादर येईपर्यंत लाकडं गेममधल्या बँकेत. खरंच. बायको एकदा मागून बघून म्हणाली, हे काय, अर्धा तास झाला एकच झाड तोडतोयस? मी म्हटलं हो, विलो आहे. त्यावर ती काही बोलली नाही. स्किलची लेव्हल ९९ पर्यंत जाते, त्याला १,३०,३४,४३१ पॉइंट लागतात, आणि गंमत म्हणजे ९२ ला तुम्ही जेमतेम अर्ध्यावर असता. या गेममध्ये नवीन मोठ्या गोष्टी आणायच्या का नाही यावर खेळाडू मतदान करतात, ७० टक्के मिळाले तरच येतात, २०२५ च्या नोव्हेंबरात आलेलं सेलिंग, म्हणजे जहाज चालवायचं स्किल, असंच मतं घेऊन आलं. फुकट भाग मोठा आहे पण खरा गेम मेंबरशिपमध्ये. एकच सूचना, विशेषतः घरातली पोरं खेळणार असतील तर, "दे तुझं सोनं, डबल करून देतो" असं म्हणणारा प्रत्येक जण चोर असतो. पहिल्यांदा थोडं खरंच डबल करून देतात, मग मोठी रक्कम घेऊन पळतात, आपल्याकडच्या चिटफंडासारखं.

किलवरवाल्यांनो, तुमच्यासाठी अल्बियन ऑनलाइन. फुकट आहे, मोबाइलवर आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो, आणि २०२३ पासून आशियाचा वेगळा सर्व्हर आहे. निळ्या-पिवळ्या भागात सुरक्षित, लाल-काळ्या भागात मेलात तर अंगावरचं, पिशवीतलं सगळं गेलं. मी एकदा केर्लिऑन या शहरात माल घेऊन निघालो होतो, वाटेत लाल झोन लागतोच, बैलावर आठवडाभराचं खोदलेलं धातू. हो, या गेममध्ये खरंच मालवाहू बैल असतो. नकाशाच्या कडेला दोघेजण नुसते उभे होते, मला वाटलं माझ्यासारखेच कुणी असतील. दोन मिनिटांत बैलासकट सगळं गेलं, त्या दिवशी नेमका पोळा होता. चूक माझीच, जे गमवायची तयारी नाही ते घेऊन तिथे जायचं नसतं. ज्याला हे वाचून हसू आलं त्याने डाउनलोड करावा, ज्याच्या पोटात गोळा आला त्याने करू नये, एवढी सोपी परीक्षा आहे.

ईव्ह ऑनलाइन त्याच रस्त्याने आणखी पुढे. आइसलँडच्या कंपनीचा, २००३ चा, चीन सोडून सगळं जग एकाच विश्वात. २०१४ च्या जानेवारीत इथे एक लढाई झाली, साधारण २१ तास, साडेसात हजारांच्या वर खेळाडू, ७५ टायटन, म्हणजे सगळ्यात मोठी जहाजं नष्ट, आणि सुरुवात कशाने तर एका सूर्यमालेच्या ताब्याचा मेंटेनन्स भरायचा राहिला म्हणून. सोसायटीच्या सेक्रेटरींना ही गोष्ट जरूर सांगा. पण खेळायला मात्र बहुतेकांना झेपत नाही, पहिले काही आठवडे एक्सेल शीट भरतोय असंच वाटतं, आणि सर्व्हर रोज आपल्या दुपारी साडेचारला थोडा वेळ बंद होतो.

बाकीचे पटापट. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन, २०१४ चा, एकट्याने गोष्टी ऐकत फिरायला छान, २०१६ पासून कुठल्याही भागात कुठल्याही लेव्हलला जाता येतं, पण सामानाची पिशवी सारखी भरते आणि कच्च्या मालाची न भरणारी पिशवी महिन्याच्या सभासदांनाच. ब्लॅक डेझर्टमध्ये चेहरा बनवण्यातच दोन तास जातात, हत्यार ठोकून वाढवताना नशीब लागतं, आणि मासेमारी चालू ठेवून रात्रभर पीसी सोडतात लोक, लाइट बिल कोण भरतं ते आधी बघा. लॉस्ट आर्कची मारामारी डोळ्यांना सुंदर, पण रोजची कामं संपता संपत नाहीत. गेन्शिन इम्पॅक्ट खरं तर या रांगेतला नाहीच, एका वेळी चारच जण एकत्र खेळू शकतात, पण सगळे विचारतात म्हणून. फिरायला अप्रतिम, पैसा जातो तो पात्रं ओढण्यात, म्हणजे लॉटरीसारखं नशिबाने पात्र मिळवण्यात. पाचतारा पात्राची शक्यता एका ओढीला ०.६ टक्के, ९० ओढींत एक पाचतारा नक्की, पण तुम्हाला हवा तोच येईल असं नाही. एका ओढीला १६० प्रायमोजेम, म्हणजे गेममधली रत्नं, म्हणजे ९० चे १४,४००. हा गुणाकार कार्ड जोडायच्या आधी करायचा.

अजून एक बघायचं, गेम जिवंत आहे का. ॲमेझॉनचा न्यू वर्ल्ड हा गेम २०२१ मध्ये धडाक्यात आला, स्टीमवर एका वेळी नऊ लाखांच्या वर लोक होते, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ॲमेझॉनने सांगून टाकलं की आता नवीन काही येणार नाही. शेवटचा मोठा अपडेट कधी आला आणि पुढचा जाहीर झालाय का, दोन मिनिटं लागतात बघायला.

मग निवडायचं कसं? दोनच गेम ठरवा, जास्त नाही, आणि दोन्ही फुकट भागात तीन-तीन रात्री खेळा. डाउनलोड रात्री लावून झोपा, वॉव किंवा फायनल फँटसी शंभर जीबीच्या घरात जातात, मोबाइल डेटावर तो विचार पण करू नका, खेळताना मात्र फारसा डेटा लागत नाही. पहिली रात्र शिकण्यात जाते, ती धरू नका. दुसऱ्या रात्री मुद्दाम मधेच उठा, पाणी प्या, कुणाशी तरी बोला, परत या आणि बघा काय नुकसान झालं. तिसऱ्या रात्री चॅटमध्ये एक साधा प्रश्न विचारा, बँक कुठे आहे असला, आणि उत्तर कसं येतं ते बघा. माझ्या भाच्याला गिल्ड वॉर्समध्ये एकाने उत्तर तर दिलंच वर चार पिशव्या बनवून पाठवल्या, पोरगा किलवरचा असून दोन दिवस विरघळला होता. चौथ्या दिवशी ऑफिसात किंवा कॉलेजात असताना कुठला गेम आपोआप आठवला, तो घ्या. आणि ओळखीचे दोघं-तिघं आधीच एखाद्या गेममध्ये असतील तर हे सगळं फाडून टाका आणि तिथे जा, वाईट गेम मित्रांबरोबर चांगला जातो.

पैसे भरताना, कार्डवर परदेशी ऑनलाइन व्यवहार बहुतेक वेळा बंद असतात, बँकेच्या ॲपमधून चालू करा, काम झालं की परत बंद. १४.९९ डॉलरचे त्या दिवशीच्या भावाने जे रुपये होतील ते आणि वर बँकेचा परकीय चलनाचा आकार. माझं पेमेंट एकदा तीनदा फेल होऊन चौथ्यांदा दोनदा कापलं गेलं आणि परत यायला बावीस दिवस लागले, तेव्हापासून मी जिथे स्टीम वॉलेट चालतं तिथे यूपीआयने त्यातच पैसे टाकतो. सहा महिन्यांचा पॅक स्वस्त दिसतो, पहिल्यांदा घेऊ नका, एकच महिना घ्या, आणि घेतल्या घेतल्या त्याच मिनिटाला ऑटो-रिन्यू बंद करून टाका. वॉव, फायनल फँटसी दोन्हीकडे भरलेले दिवस तसेच राहतात.